मंडळीच्या वतीनें प्रार्थना करणें

खेड्यांतील उपासना चालविणाऱ्या बंधूंपैकीं कित्येकांस असें वाटतें कीं, प्रार्थनेची व शास्त्रपाठाची आगाऊ तयारी करणें म्हणजे पवित्र आत्म्यावर अविश्वास दाखविणें होय. काय बोलावें ह्याची चिंता करूं नका, असें प्रभूनें सांगितलें नाहीं काय, असें ते विचारतात. सांगितलें खरें, पण कोणास? मत्तयाच्या १० व्या अध्यायांत तें वचन, ज्यांस अधिकाऱ्यांपुढें धरून नेण्यांत येईल अशांस दिलें आहे. ज्यास आठवड्याच्या सहा संध्याकाळा मिळाल्या त्यानें तें आपणांस लावून घ्यावें, हें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

परंतु आमचा मुख्य प्रश्न त्याही मागचा आहे. उपासना चालविणारा डोळे मिटून 'आम्ही' म्हणतो, तेव्हां हे 'आम्ही' कोण? त्या एका शब्दानें तो सर्व घरांचें अंतःकरण आपल्या तोंडीं घेतो. हा अधिकार मोठा आहे, व त्याचा दुरुपयोग किती सहज होतो हें आम्ही स्वानुभवानें जाणतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका लहान गांवीं उपासना चालवीत असतां, बांधावरून दोघां भावांत चाललेल्या तंट्याचा उल्लेख आम्हीं प्रार्थनेंत केला. नांव घेतलें नाहीं. पण पंधरा घरांच्या मंडळींत नांवाची गरज ती काय? थोरला भाऊ दाराशीं बसला होता. त्यास उत्तर देतां येईना, कारण प्रार्थना चालूं असतां कोण तोंड उघडणार? पुढील तीन रविवार त्याची जागा रिकामी राहिली. आम्ही घरीं गेलों तेव्हां त्यानें घोंगडी अंथरली, पाणी दिलें, आणि शांतपणें म्हणाला, "मास्तर, तुम्ही ते देवाला नाही सांगितलंत, गावाला सांगितलंत."

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अपराधी भावाकडे प्रथम एकट्यानें जाऊन बोलावें, असें मत्तयाच्या १८ व्या अध्यायांत आहे. तो कठीण मार्ग टाळण्यासाठीं आम्हीं देवास मध्यें उभें केलें होतें. उपदेशांत उघडपणें दोष देण्यास निदान कांहीं धैर्य लागतें. येथें तेंही लागलें नव्हतें.

ज्यास प्रार्थना समजली नाहीं त्यानें 'आमेन' कसें म्हणावें, असें पौल करिंथकरांस विचारतो. तेथें प्रश्न अन्य भाषांचा होता. आमच्याकडे तो अवजड संस्कृत शब्दांचा व अर्ध्या तासाच्या लांबीचा असतो. शेतांतून थकून आलेली बाई न कळलेल्या शब्दांस 'आमेन' म्हणते, तेव्हां तिनें न वाचलेल्या कागदावर अंगठाच उठविला म्हणावयाचा.

शास्त्रपाठाचीही हीच गोष्ट. एज्रानें लांकडी मंचावर उभें राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलें, व लेवी लोकांस त्याचा अर्थ सांगत गेले, असें नहेम्याच्या ८ व्या अध्यायांत आहे. पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सर्व शास्त्राचें सोपें मराठी भाषांतर १९२२ सालीं मृत्यूपूर्वीं पुरें केलें, तें साध्या बायाबापड्यांस समजावें म्हणूनच. असें असतां वाचक उभा राहिल्यावर पानें चाळूं लागतो, ही लाजेची गोष्ट आहे. गायनाविषयीं एवढेंच कीं, ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं ओळ आधीं सावकाश सांगावी, आणि नवी चाल उपासनेच्या वेळींच शिकवूं नये.

तयारीनें दुसरा मोह येतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. "आज प्रार्थना फार सुंदर झाली," असें कोणी म्हटलें कीं मन फुगतें, व पुढील रविवारचे शब्द त्याच माणसासाठीं जुळविले जातात. ह्यावर आम्हांस पुरता उपाय सांपडलेला नाहीं. कधीं कधीं आपण खालीं बसून दुसऱ्यास पुढें करावें, एवढें आम्ही करितों.

त्या प्रसंगानंतर मात्र आम्ही शनिवारीं सायंकाळीं घरोघर जाऊन विचारूं लागलों: उद्यां देवापुढें तुमचें काय ठेवूं? कोणी मुलाचा ताप सांगे, कोणी सावकाराचें कर्ज. कोणी म्हणे, "आमचं नाव नका घेऊ," तेव्हां आम्ही तें घेत नसूं. थोरल्या भावानें पहिल्या शनिवारीं कांहींच सांगितलें नाहीं. दुसऱ्या शनिवारीं गाय आजारी आहे म्हणाला, आणि सकाळीं दाराशीं येऊन बसला.