'छान' म्हणून सुटका

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर गायनवृंदाची मंडळी चहासाठी थांबली होती. शहागंजात राहणारा आमच्या ओळखीचा एक तरुण हातात लहानसा स्पीकर घेऊन आला. संगणकावर स्वतः रचलेले संगीत त्याला आम्हांला ऐकवायचे होते. हा मुलगा कोणाकडे रीतसर गाणे शिकलेला नाही. दिवसभर नोकरी करतो आणि रात्री घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीची बाजाराची गर्दी ओसरली, की कानांवर हेडफोन चढवून बसतो. रचना चार मिनिटांची होती. ती संपताच सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "छान! असेच करीत राहा." त्यावर त्याने अगदी साधेपणाने विचारले, "काका, काय छान वाटलं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर दुसऱ्या मिनिटापासून आमचे लक्ष चहाच्या कपाकडे होते.

नवख्याची स्तुती करणे म्हणजे दया आणि त्याचे दोष दाखवणे म्हणजे कठोरपणा, अशी वाटणी आपण फार सहज करून टाकतो. पण न ऐकता केलेल्या स्तुतीला दया म्हणावे काय? ती देणाऱ्याला काही खर्च येत नाही आणि घेणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. आपल्याकडील मैफलीत दाद जागेवरच द्यावी लागते. गायकाने एखादी अवघड जागा घेतली, की त्याच क्षणी जाणकाराच्या तोंडून 'वा' निघते, आणि भलत्या ठिकाणी मान डोलावणाऱ्याकडे शेजारी वळून पाहतात. म्हणजे स्तुतीलाही पुरावा लागतो. आम्ही त्या मुलाला जे दिले त्याला कसलाच पुरावा नव्हता.

मंडळीत एक वृद्ध पेटीमास्तर होते. त्यांनी टाळी वाजवली नव्हती. "पुन्हा लाव," एवढेच ते म्हणाले. चार मिनिटे डोळे मिटून त्यांनी सारे पुन्हा ऐकले आणि मग म्हणाले, "तुझा ठेका श्वास घेत नाही, बाळा." संगणकाला सांगितले, तर तो प्रत्येक आघात नेमक्या मात्रेवर ओढून बसवतो. हाडामांसाचा तबलजी मात्र समेवर येताना केसभर मागेपुढे होतो, आणि त्या केसभरातच लयीचा जीव असतो. मास्तरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पहिल्या दहा सेकंदांतच सगळी वाद्ये हजर झाली होती, त्यामुळे पुढे कोणी येईल याची वाट पाहण्यासारखे काही उरलेच नव्हते. खर्जाचा सूर आणि ढोलाचा घुमारा एकमेकांवर चढून दोन्ही गढूळ झाले होते, तेही त्यांच्या कानाने टिपले. हे संगीत कोणत्या यंत्रातून निघते याची मास्तरांना काडीचीही कल्पना नव्हती. पण सूर कोठून आला हे ठाऊक नसले तरी तो बरोबर आहे की नाही हे कळते, एवढे आम्ही त्या दिवशी पाहिले.

मग त्यांनी विचारले, "मध्येच ती खडखड कसली?" आम्हांला तो स्पीकरचा दोष वाटला होता. मुलगा ओशाळून म्हणाला, "सकाळी शहागंजातली दुकानं उघडतात ना मास्तर, त्या शटरांचा आवाज आहे. खिडकीतून रेकॉर्ड केला." मास्तर क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, "मग इतका दबका का ठेवलास?"

संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधने'च्या आरंभीच एक अट घातली आहे. दुसऱ्याच्या बोलण्याचा आधी चांगला अर्थ लावण्यास तयार असावे. तसा तो लागत नसेल तर त्याला काय म्हणायचे होते हे त्यालाच विचारावे. आणि तो चुकत असेल तरच प्रेमाने दुरुस्त करावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आम्ही विचारण्याची पायरीच गाळली होती, म्हणून त्या रचनेतील सर्वांत स्वतःची गोष्ट आम्हांला बिघाड वाटली.

हे न विचारणे किती महाग पडते याचा दाखला मुंबईत घडला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवून त्यांची तबकडी काढली. त्यांच्या यंत्रांत रोलंड कंपनीचे टीबी-३०३ होते. गिटारवादकांना खर्जाची साथ मिळावी म्हणून १९८१ साली बाजारात आलेले हे यंत्र पुढे लौकरच बंद पडले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती; सिंग यांना तीत मींड दिसली असावी. तबकडी खपली नाही. शिकागोतील तरुणांनी १९८७ च्या सुमारास त्याच यंत्रातून 'ॲसिड हाऊस' नावाचे नृत्यसंगीत घडवले, आणि २०१० साली सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा सत्तरीच्या घरातील या वादकाला जगाने त्या नृत्यसंगीताचा पूर्वसूरी ठरवले. कौतुक झाले, युरोपातून बोलावणी आली. पण ते कौतुक बहुतांशी त्यांच्या मनात नसलेल्या गोष्टीचे होते. राग कसा उमटला, भैरवाचा कोमल ऋषभ त्या यंत्रात पुरेसा आंदोलित होतो का, हा प्रश्न कितीजणांनी केला? २०१५ साली सिंग निवर्तले.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर केलेल्या रचनांच्या फिती कित्येक दशके संग्रहात पडून राहिल्या आणि २०२३ साली प्रकाशित झाल्या. इतक्या उशिरा येणारी टीका रचणाऱ्याच्या काय कामाची!

मास्तरांची बाजू घेताना दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. त्या मुलाची आई आम्हांला भेटली तेव्हा रागावलेली होती. "सगळ्यांच्या देखत लेकराचं मन मोडलं," ती म्हणाली. तिचे म्हणणे आम्हांला खोडता आले नाही. संत थॉमस अक्विनास यांनी बंधूची चूक दाखवणे हे दयेचेच कृत्य मानले, तरी त्यामुळे तो अधिक बिघडेल अशी भीती असल्यास गप्प राहावे असेही सांगितले. ते पापाविषयी बोलत होते. बेसूर होणे हे पाप नव्हे (आमच्या गायनवृंदाच्या दृष्टीने हे बरेच आहे), पण ती सावधगिरी येथेही लागू पडते. चहाच्या टेबलाभोवती बाराजण ऐकत असताना बोलण्याऐवजी मास्तरांनी त्याला घरी बोलावले असते, तर शब्द तेच राहूनही जखम लहान झाली असती.

मुलगा तीन रविवार गायनवृंदात आला नाही. चौथ्या रविवारी आला तो मागच्या बाकावर बसला आणि मिस्सा संपल्यावर आमच्यापाशी येऊन उभा राहिला. मास्तर त्या दिवशी तापाने घरी होते. त्याने स्पीकर काढला. या वेळी आरंभी दुसरे काहीच नव्हते. एकामागून एक शटरे वर चढत होती, खणखणीत, आणि त्यांच्याच खडखडाटातून ठेका हळूहळू सावरत उभा राहत होता. खर्ज अजूनही थोडा गढूळ होता. रचना संपली. तो काही बोलला नाही, आमच्याकडे पाहत राहिला.

आम्ही कप बाजूला ठेवला आणि म्हणालो, "पुन्हा लाव."