आधी बोट, मग पाणी

कोलंबियाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, भरपूर पावसाच्या जंगलात एक अँथुरियम वाढतं. शास्त्रीय नाव अँथुरियम वरोक्वेआनम. झाडांचे शौकीन त्याला ‘क्वीन अँथुरियम’ म्हणतात. आपल्या अळूच्याच कुळातलं हे झाड. लांबोळकी, खाली लोंबणारी गडद हिरवी पानं, त्यांवर पांढरट शिरांची नक्षी आणि हात फिरवावासा वाटेल अशी मखमल. जंगलात एखादं पान मीटरभराहूनही लांब होतं. तिथल्या दाट सावलीत ऊन जेमतेमच पोचतं. म्हणून पानाच्या वरच्या थरातल्या पेशी बाहेरून फुगीर असतात. त्या भिंगाचं काम करतात आणि मिळेल तो उजेड आत वळवतात. आपल्याला दिसते ती मखमल या फुगीर पेशींची.

हे झाड सहसा जमिनीतल्या मातीत वाढत नाही. मोठ्या झाडांच्या खोडांना धरून ते राहतं आणि त्याची मुळं मोकळ्या हवेत असतात. पावसाने भिजतात, वाऱ्याने सुकतात, पुन्हा भिजतात. हल्ली आपल्याकडेही काही जण ते हौसेने लावतात. ते कुंडीत साधी माती भरत नाहीत. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, झाडाची साल असं भरड काहीतरी घालतात, म्हणजे पाणी निथळतं आणि फटींत हवा खेळती राहते. पण खरी परीक्षा पुढेच असते. एखाद्या सकाळी पान मलूल दिसतं आणि आपला हात आपसूक तांब्याकडे जातो. मुळं कोरडी पडली की पान मलूल होतं, हे खरं. पण सततच्या ओलीने मुळं गुदमरून कुजली, तरी ते तसंच मलूल होतं, कारण कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही. वरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. एका झाडाला पाणी हवं असतं, दुसरं त्याच पाण्याने मरतं. म्हणून जाणकार माणूस आधी कुंडीत बोट खुपसून ओल पाहतो, कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतो. क्षणभराचं काम.

ही छोटी सवय मला फार मोलाची वाटते. घरातल्या माणसांवर आपली माया असतेच. सासूबाई संध्याकाळी गप्प बसल्या, की आपण लगेच टीव्ही लावून देतो. मुलगा दप्तर टाकून पलंगावर आडवा झाला, की आवडीचा खाऊ पुढे करतो. दोन्ही प्रेमानेच. पण गप्प बसलेल्या माणसाला कधी सोबत हवी असते, कधी एकांत, आणि चेहऱ्यावरून ते कळत नाही. ‘जवळ बसू का, की जरा पडायचंय?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडतं. मग उत्तर येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं जड जातं, कारण काहीतरी केल्याशिवाय आपली माया आपल्यालाच पुरेशी वाटत नाही.

नवं पान येतं तेव्हा तर आणखी धीर लागतो. कोवळं, फिकट तांबूस, लुसलुशीत पान कडक व्हायला काही आठवडे जातात. त्या दिवसांत त्यावर बोट दाबलं गेलं किंवा ते कशाला घासलं, तर डाग पडतो. तो डाग पान गळेपर्यंत जात नाही. हवेत दमटपणा ठेवायचा, थेट ऊन लागू द्यायचं नाही आणि रोज नुसतं पाहायचं. पहिल्यांदाच नोकरीला लागलेली मुलगी, उतारवयात पेटी शिकायला बसलेले आजोबा, यांनाही सुरुवातीचे काही आठवडे कुणी रोज सुधारत बसू नये. त्यांच्याकडे आपलं लक्ष आहे, एवढं त्यांना कळलं तरी पुरे. आज कामाला निघण्यापूर्वी घरातल्या एकाला तरी विचारा, ‘तुला आत्ता काय हवंय?’ आणि चपला पायात सरकवण्याआधी त्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्या.