खात्री देणे ही दया आहे काय?

पेसाह जवळ आला की घरोघर साफसफाई सुरू होते. कोकणात आपल्या आया-आज्या भिंतींना चुना लावीत, भांड्यांना कल्हई करून घेत. इथे आपण कपाटे झाडतो, पाव-बिस्किटांचा चुरा शोधतो. ही साफसफाई आनंदाची, कारण ती संपते. काही माणसांची मात्र कधीच संपत नाही.

माझी धाकटी जाऊ त्यांपैकी एक. स्वयंपाकघराचा ओटा ती रात्री दोन वाजेपर्यंत घाशीत बसे. हात धुऊन धुऊन कातडी फाटे. मग मला फोन करी, "जाऊबाई, ओटा चार वेळा धुतला. आता खमिराचा कण राहिला नसेल ना? नक्की ना?" मी नर्स, म्हणून माझा शब्द तिला प्रमाण. मी म्हणे, "होय गं, नक्की." तिला बरे वाटे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन येई. असे कित्येक वर्षे चालले. ही दया आहे, असे मी समजत होते.

या दुखण्याला आपण मंत्रचळ म्हणतो; डॉक्टर ओ.सी.डी. म्हणतात. शंभरांतील दोघा-तिघांना ते आयुष्यात केव्हा तरी होते. हा भाविकपणाचा अतिरेक नव्हे की स्वभावाचा हट्ट नव्हे. नको असलेला विचार मनात घुसतो, जीव घाबरा होतो, धुतल्याने किंवा विचारल्याने घटकाभर शांत होतो. पण त्या शांतीमुळेच मेंदू शिकतो की, धुतले म्हणून वाचलो! पुढच्या वेळी भीती अधिक जोराने येते.

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी उलटी वाट दाखविली. ज्याची भीती त्याला रोग्याने हात लावावयाचा, आणि नंतर धुवावयाचे नाही. भीती चढते, पण माणूस ती सोसू शकतो, हे त्याला स्वतःला कळते. आजही हाच मुख्य उपचार आहे. जोडीला सेरोटोनिनवर काम करणारी औषधे असतात. त्यांचा गुण दिसावयास आठ ते बारा आठवडे लागतात. चुंबकीय लहरींच्या एका उपचाराला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. त्याच्यामागे आपल्या इस्राएलच्या शास्त्रज्ञांचे श्रम आहेत. चाचणीत सुमारे ३८ टक्के रोग्यांना चांगला गुण आला. नुसत्या देखाव्याच्या उपचाराने ११ टक्क्यांना.

संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. बहुतेक घरांत नातेवाईक प्रेमापोटी या रोगाची चाकरी करतात: खात्री देतात, कुलपे तपासतात, वेगळे टॉवेल ठेवतात. ही चाकरी जितकी अधिक, तितका रोग बहुधा जड. हे कळले त्या दिवशी मला झोप आली नाही. मी औषध देत नव्हते, दुखण्यालाच खुराक देत होते.

कोणी म्हणेल, रडणाऱ्याला धीर न देणे हा निर्दयपणा नव्हे काय? मी पुष्कळ विचार केला. मी "नक्की" म्हणत होते, पण ओट्यावर कण नाही हे मला तरी कुठे ठाऊक होते? जी खात्री कोणाही माणसापाशी नाही, ती मी वाटीत होते.

आपल्या धर्माने ही खात्री मागितलेलीच नाही. मुंगसासारख्या एखाद्या प्राण्याने खमीर घरातून घरात नेले असेल, अशी शंका घेऊ नये, असे मिश्नात म्हटले आहे. तशी शंका घेतली तर अंगणातून अंगणात, गावातून गावात जावे लागेल आणि त्याला अंतच राहणार नाही. दिव्याने शोध घेतल्यावर, जे दिसले नाही ते धुळीसमान मानावे, असे आपण बोलून मोकळे होतो. माणसाची नजर अपुरी आहे हे शास्त्राने मान्य केले. मंत्रचळ ते मान्य करू देत नाही.

पण हेही रोग्याला सारखे सांगत बसू नये; ते बोल आपण नीट म्हटले की नाही, अशी नवी शंका तो काढील! चाकरी एकदम तोडूही नये. रोग्याशी व उपचार करणाराशी आधी ठरवून, हळूहळू कमी करावी.

आता जावेचा फोन आला की मी म्हणते, "तुला भीती वाटते हे मला कळते. उत्तर देणार नाही, पण फोनही ठेवणार नाही." पहिल्यांदा ती रागावली, रडली. गेल्या पेसाहला तिने दोनदाच फोन केला. ती पूर्ण बरी झालेली नाही. पण सेदेरच्या रात्री ती आमच्याबरोबर शेवटपर्यंत बसली, हात न धुता उठली नाही की मध्येच पळाली नाही.

दुसऱ्याची भीती काढून घेणे आपल्या हाती नाही. ती असेतोवर त्याच्याजवळ बसणे आहे. दया म्हणतात ती हीच, असे मला आता वाटते.