बघ्यांचे हात

रस्त्यावर अपघात झाला की कोंडाळं जमतं, पण पुढे कुणी होत नाही. मग आपण म्हणतो, माणुसकीच उरली नाही. म्हणायला सोपं आहे हे, आणि बरंचसं चुकीचंही.

जॉन डार्ली आणि बिब लाटाने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून एकमेकांशी बोलायला सांगितलं होतं. बोलता बोलता एकाचा आवाज अडखळू लागला, त्याला फिट आली. (आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता, ऐकणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.) हे आपल्या एकट्यालाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के फिट संपायच्या आत मदतीसाठी बाहेर धावले. आणखी चौघे ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त 31 टक्के. हे आकडे पाठ्यपुस्तकांत पोचले. त्याच निबंधातली दुसरी नोंद मात्र मागे राहिली. जे उठले नाहीत ते निवांत बसलेले नव्हते. संशोधक खोलीत आल्यावर 'तो बरा आहे ना?' असं ते विचारत होते. कित्येकांचे हात कापत होते, तळव्यांना घाम सुटला होता. मदत करायची नाही, असं त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांचं काही ठरतच नव्हतं.

आपल्याकडे या न ठरण्याला आणखी एक गाठ बसलेली आहे. जखमीला उचलावं तर पोलीस विचारणार, धडक तूच दिलीस ना? दवाखाना म्हणणार, आधी पैसे भरा. मग जबाब, साक्ष, तारखांवर तारखा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रस्त्याकडेला थांबलेल्या माणसाच्या मनात दगड नसतो, हिशेब चालू असतो.

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली. त्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना बाहेर नेलं. आणखी एखादा बॉम्ब फुटेल ही धास्ती असताना नेलं. तिथेही गर्दीच होती. पण काय घडलंय याबद्दल कुणाला शंका नव्हती, आणि चादर आणणाऱ्याला 'हे तूच केलंस का' असं कोणी विचारणार नव्हतं. माझ्या मते फरक इथे पडतो. तीच मुंबई, तीच माणसं, फक्त हिशेबाची भानगड नाही.

रस्त्यावरची ती भानगड कायद्याने बरीच सोडवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. अपघातात सद्भावनेने मदत करताना काही कमीजास्त झालं, तर त्या माणसावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे हक्क प्रत्येक दवाखान्याने दर्शनी भागात, स्थानिक भाषेतही लावायला हवेत. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर तो फलक शोधून पाहा. सरकारने गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी बक्षीसही ठेवलंय, 2025 मध्ये ते 25 हजारांवर नेलं. चांगलंच आहे, पण घोडं पैशापाशी अडलेलं नाही.

कायद्याने पोलिसांची भीती कमी होईल. गर्दीतला तो संकोच कायद्याने जाणार नाही. त्यावर प्रथमोपचाराच्या वर्गात एक साधी गोष्ट शिकवतात. 'अरे, कोणीतरी फोन करा' असं ओरडू नका. ते कोणालाच लागू होत नाही. एकाकडे बोट करून म्हणा, 'अहो, निळ्या शर्टवाले, 108 ला फोन लावा, आणि लागला की मला सांगा.' लाल ओढणीवालीला म्हणा, 'ताई, येणाऱ्या गाड्या थांबवा.' मदतीला तयार असलेली माणसं त्या कोंडाळ्यात आधीपासूनच उभी असतात. कुणीतरी आपल्याला काम सांगावं, एवढ्यासाठीच ती खोळंबलेली असतात.