समुद्रसपाटीवरचा आकडा

मागच्या सप्टेंबरात मी इन्स्टाग्रामवर एका कागदाचा फोटो टाकला. कागदावर दोन वर चढत जाणाऱ्या रेषा आणि एक मोठा आकडा: ३२४. खाली मी लिहिलं होतं, "चाकांवर ३२४ हॉर्सपॉवर, तेही डेन्व्हरमध्ये!" बरेच लाइक्स आले, आगीचे इमोजी आले. आणि इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधल्या माझ्या जुन्या रूममेटचा मेसेज आला. तो आता हिंजवडीत नोकरी करतो. आमचं बोलणं वर्षातून दोनदा होतं, वाढदिवसाला आणि दिवाळीला. त्याने फोटोचा एक कोपरा झूम करून पाठवला होता. तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं, करेक्शन फॅक्टर १.२१. त्याने विचारलं होतं, "हे काय आहे रे?"

मी लगेच टाइप करायला लागलो. "अरे, इथली हवा विरळ आहे. त्यात इंजिनाचा काही दोष नाही. म्हणून मोजलेल्या आकड्याला एका आकड्याने गुणतात. हेच इंजिन समुद्रसपाटीला असतं तर त्याने किती ताकद दिली असती ते त्यातून कळतं. नाहीतर तुलना अन्यायाची..."

इथे माझा अंगठा थांबला. हे वाक्य मी नेमकं कुणाला लिहितोय ते माझ्या लक्षात आलं होतं.

का थांबला ते सांगण्यासाठी आधी गाडीबद्दल सांगावं लागेल.

गाडी आहे जग्वार एफ-टाइप, २०१६ची, सेकंडहँड. तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, त्यावर सुपरचार्जर. कंपनीचा आकडा ३४० हॉर्सपॉवर. आयटीतल्या पोराने घर घ्यायच्या वयात अशी गाडी घेणं शहाणपणाचं आहे का, असं आई अजून विचारते. नाही आहे.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवर आहे. इथल्या बेसबॉल स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर एक रांग जांभळ्या खुर्च्यांची आहे. त्या रांगेत बसलं की तुम्ही एक मैल उंचीवर बसलात. आपल्या हिशेबात सांगायचं तर कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर अख्खं शहर वसवलंय. पश्चिमेला निघालात तर तासाभरात रस्ता ११,००० फुटांवर पोचतो.

एवढ्या उंचीवरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८३ टक्के उरतो. म्हणजे इंजिनाने तेवढाच मोठा श्वास घेतला तरी आत हवा कमी जाते. हवा कमी म्हणून पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणून ताकद कमी. साध्या इंजिनाचा ठोकताळा असा, की दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद जाते.

सुपरचार्जर असला की हा प्रश्न सुटतो असं मला वाटायचं. सुटत नाही. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच क्रँकवरून बेल्टने फिरणारा हवेचा पंप. तो बाहेरची हवा ठरावीक पटीत दाबून आत ढकलतो. बाहेरच दाब कमी, तर त्याची पटही कमीच भरते. टर्बोचं वेगळं असतं. त्याचा कंट्रोल त्याला जास्त वेगाने फिरवून ठरलेला दाब बऱ्याच अंशी गाठून देतो. इलेक्ट्रिक गाडीला तर हवा लागतच नाही. कोलोरॅडोतल्याच पाइक्स पीकची शर्यत १४,११५ फुटांच्या शिखरावर संपते. २०१८ साली रोमां द्युमा याने ती इलेक्ट्रिक फोक्सवागनमधून ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत पार करून विक्रम केला. मी मात्र लव्हलँड पासच्या चढावर, जवळजवळ १२,००० फुटांवर, पाय पूर्ण दाबून बसलो होतो आणि एका कुटुंबाची इलेक्ट्रिक एसयूव्ही मला शांतपणे मागे टाकून गेली होती. मागच्या सीटवर लहान मूल झोपलेलं होतं.

यावर इथे एक उपाय सगळे करतात. सुपरचार्जरची पुली बदलून लहान पुली लावायची. पुली लहान, म्हणजे सुपरचार्जर जास्त वेगाने फिरणार आणि जास्त हवा ढकलणार. मग इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले पेट्रोलचे आणि स्पार्कच्या टायमिंगचे तक्ते नव्याने भरायचे. याला ट्यूनिंग म्हणतात. मला हा भाग फार आवडला, कारण तो आमच्याच कामासारखा आहे: लॉग बघा, तक्त्यातला एक आकडा बदला, पुन्हा चालवा, पुन्हा लॉग बघा. जपायचं असतं ते नॉकिंगला. दाब आणि उष्णता जास्त झाली की मिश्रणाचा काही भाग आपणहून, चुकीच्या क्षणी पेटतो. पिस्टनवर हातोडा मारल्यासारखं होतं ते. इथे पंपावर मिळणारं चांगल्यातलं चांगलं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे जाता येत नाही.

शेवटी गाडी डायनोवर चढवतात. चाकं रोलरवर, गाडी जागेवर, आणि कॉम्प्युटर ताकद मोजतो. पुली बदलण्याआधी माझी गाडी २४० दाखवत होती. बदलल्यावर २६८. ट्यूनरकाका साठीचे होते. त्यांनी विचारलं, "कुठला आकडा छापू? मोजलेला की करेक्टेड?" त्या दिवशीचा दाब आणि तापमान घालून एसएई या संस्थेच्या प्रमाणित सूत्राने गुणक आला होता १.२१. म्हणजे ३२४. मी म्हटलं, करेक्टेड. सगळे तेच छापतात.

आता हॉस्टेल.

माझा रूममेट बीड जिल्ह्यातला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघायचं ते उन्हाळ्यातच परत यायचं. चौथीपर्यंत तोही त्यांच्याबरोबर जायचा, म्हणजे निम्मं वर्ष शाळा नाही. पुढे आजीजवळ राहून शिकला. सीईटीला त्याला माझ्यापेक्षा २३ मार्क कमी होते. तो राखीव जागेवर आला, मी ओपनमधून. ब्रँच तीच, खोली तीच.

पहिल्या वर्षी एका रात्री टेरेसवर दहाबारा जण बसलो होतो. मार्कांचा विषय निघाला. मी म्हणालो, "उद्या याने लिहिलेलं सॉफ्टवेअर विमानात असेल ना, तर मी ट्रेनने जाईन." सगळे हसले. तोही हसला. त्याने हसायलाच हवं होतं, नाहीतर 'मनाला लावून घेतो' असं झालं असतं. मी ते वाक्य त्याच रात्री विसरलो. सप्टेंबरात, अर्धवट मेसेजसमोर, ते मला शब्दन् शब्द आठवलं.

गाडीला १.२१ मिळाला तेव्हा मी त्याला न्याय्य तुलना म्हणालो. त्याला मिळालं तेव्हा मी त्याला सवलत म्हणालो. दोन्हीत फरक काय, हे शोधायला मी बसलो. स्वतःची बाजू घेऊनच बसलो होतो, हे कबूल करतो.

पहिला मुद्दा मला बिनतोड वाटला होता. करेक्टेड आकडा रस्त्यावर कामाला येत नाही. चढावर माझ्याकडे २६८च असतात, ३२४ नाहीत. मग कामाच्या जागी खरा आकडाच बघायला नको का? हे बरोबर आहे. पण करेक्शनचा प्रश्नच वेगळा असतो. 'आज इथे किती ताकद आहे' हे तो विचारत नाही. 'हे इंजिन मुळात कसं आहे' हे तो विचारतो. कॉलेजच्या दारात नेमकं हेच विचारायचं असतं, की या पोराला चार वर्षं नीट हवा मिळाली तर तो काय करेल. त्या चार वर्षांनंतरचे पेपर आम्हाला एकच होते, पासिंगही एकच. तो सगळ्या विषयांत पहिल्या फटक्यात पास झाला. एम-थ्रीला बॅकलॉग माझा होता.

दुसरा मुद्दा जास्त दमदार आहे. हवेचा दाब बॅरोमीटरवर मोजता येतो. माणसावरचा दाब कसा मोजणार? प्रवर्ग हे मोजमाप ढोबळ आहे. एकाच प्रवर्गात कुणी टर्बोवाला असेल, ज्याला उंचीचा फारसा फटका बसलेलाच नाही. त्याला पूर्ण गुणक का? हा प्रश्न खरा आहे. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्येही उंचीवरच्या ट्रॅकसाठी सगळ्या गाड्यांना एकच गुणक लावत नाहीत, इंजिनाच्या प्रकाराप्रमाणे तो बदलतो. आपल्याकडे ओबीसींसाठी क्रीमी लेयरची अट आहे ती याच विचारातून. यावर वाद व्हावा. पण टेरेसवर आम्ही हा वाद घालत नव्हतो. मोजमाप अधिक नेमकं करा असं आमच्यापैकी कुणी म्हणत नव्हतं. आम्हाला सगळ्यांना १ हवा होता. आणि सगळ्यांना १ हासुद्धा एक गुणकच आहे. सगळे समुद्रसपाटीलाच उभे आहेत असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

तिसरी गोष्ट माझ्याच तुलनेविरुद्ध जाते. इंजिनाला विरळ हवेचा अपमान वाटत नाही. हीच गाडी किनाऱ्यावर नेली तर गेलेली ताकद तिथे पोचताच परत मिळते. माणसाचं तसं होत नाही. शिवाय कोलोरॅडोची हवा कुणी विरळ केलेली नाही. गावात कुणी कुठे राहायचं, कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं, हे मात्र माणसांनीच ठरवलं होतं. म्हणून आरक्षण ही फक्त मार्कांची बेरीज-गुणाकार नाही. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, तेव्हा कचेरीत बसणार कोण, हाही प्रश्न होता. तो प्रश्न डायनोच्या कागदावर मावत नाही. त्या कागदाने मला समजलं ते फक्त माझ्याबद्दल.

कारण त्या रात्री मेसेज पूर्ण करायला बसलो, तर ३२४ हा आकडाच चुकीचा निघाला.

पुली बदलण्याआधीचे २४० घ्या. त्यांना १.२१ ने गुणलं तर २९० येतात. कंपनीचे ३४० हे इंजिनाच्या क्रँकवरचे. चाकांपर्यंत येताना गिअरबॉक्स वगैरेंत जाणारी ताकद वजा केली की साधारण तेवढेच उरतात. म्हणजे तिथे गुणक खरं बोलतो. पण मी लहान पुली लावली ती उंचीची भरपाई म्हणूनच. भरपाई घेऊन २६८ झाले. मग त्या २६८ला मी पुन्हा उंचीचाच गुणक लावला. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा.

ही गाडी याच पुलीसकट समुद्रकिनारी नेली तर काय होईल? दाट हवा, त्यात जास्त वेगाने फिरणारा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाब आणि उष्णता दोन्ही वाढणार. ९१ ऑक्टेनवर ते इंजिन नॉक करायला लागेल. कॉम्प्युटर स्पार्क मागे खेचून ताकद कमी करेल, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टन जाईल. ३२४ डेन्व्हरमध्येही नव्हते आणि समुद्रावरही नसते. ते फक्त कागदावर होते.

मग माझे सीईटीचे मार्क आठवले. बाबा स्वतः इंजिनिअर. पुण्यात दोन वर्षं नावाजलेला क्लास, त्याची फी भरायला बाबांनी काढलेलं कर्ज. स्वतःची खोली, दार बंद करता येणारी. पाचला उठून चहा करून देणारी आई. ही सगळी माझी पुली. पुली लावणं हे पाप नाही. आईबाबांनी ती मोठ्या कष्टाने लावली आणि अभ्यास मीच केला. पण मी त्या मार्कांना नुसते, मोजलेले, 'मेरिट'चे मार्क समजत होतो. त्याचे मार्क मला फुगवलेले वाटत होते. आमच्या दोघांत पुली न लावता परीक्षेला बसलेला तो होता.

मी अर्धवट मेसेज खोडला. गुणक काय असतो ते नीट लिहिलं, पुलीचंही लिहिलं. मग खाली लिहिलं, "फर्स्ट इयरला टेरेसवर मी विमानाबद्दल काहीतरी बोललो होतो. आठवतं का तुला? ते चुकलं माझं. सॉरी."

निळ्या टिक्स लगेच आल्या. उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी.

"आठवतं," एवढंच. दहा मिनिटांनी दुसरा मेसेज. "मग गाडीचा खरा आकडा किती?"

"२६८."

"मग तोच लिही की. चांगला आहे."

मी कॅप्शन बदललं. टेरेसबद्दल तो पुढे काही बोलला नाही, आणि त्याने बोलावं असं म्हणायचा मला हक्क नाही. यंदा दिवाळीला फोन मी आधी करणार आहे.