सेवेच्या पंगतीत जागा कोणाला?

आमच्या शाळेत एकदा शहरातील एका सेवा क्लबाने वह्या वाटल्या. वाटप झाले, फोटो निघाला, पाहुणे गेले. चौथीतल्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, ते आपल्याबरोबर जेवायला का नाही थांबले?" मला उत्तर देता आले नाही. सेवा केली म्हणजे समता पाळली, असे होते काय?

सेवा क्लबांचे कार्य लहान नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने रोटरी स्थापन केली. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली, तेव्हा सल्लागार म्हणून बोलावलेल्या संघटनांत रोटरी होती. युद्ध टळावे, माणसाची प्रतिष्ठा राखली जावी, हे दोघांचेही ध्येय. १९८५ साली रोटरीने पोलिओविरुद्ध जागतिक मोहीम उघडली. १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यासह ती या कामात उभी राहिली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. एक वस्ती वगळली असती, तरी रोग पुन्हा पसरला असता. म्हणूनच डोस वीटभट्टीवरच्या झोपडीपर्यंत न्यावा लागला. तेथे कोणाचेही मूल कमी लेखून चालणार नव्हते.

परंतु याच संस्थेच्या इतिहासाचे दुसरे पानही वाचले पाहिजे. १९४५ च्या सनदेत स्त्री-पुरुषांचे समान हक्क मान्य झाले होते. तरीही कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील क्लबाने स्त्रियांना सभासद केले, म्हणून १९७८ साली रोटरीने त्याची मान्यता काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८७ साली निकाल रोटरीच्या विरुद्ध लागला, आणि १९८९ साली तिने पुरुषांपुरती असलेली सभासदत्वाची अट सर्वत्र रद्द केली. सनदेनंतर ४४ वर्षांनी!

यातून काय शिकावे? द्यायला हात लवकर पुढे होतो. शेजारी बसवून घ्यायला मन लवकर तयार होत नाही. दया वरून खाली येते, मैत्री बरोबरीने बसते. दया नको, असे मी म्हणत नाही. वही हवीच, डोसही हवाच. पण घेणाऱ्याला पंगतीत जागा मिळेपर्यंत सेवा अर्धीच राहते.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतली मुले आता शिकून नोकरीला लागत आहेत. उद्या वह्या वाटणारे आपणच असू. तेव्हा त्या मुलाचा प्रश्न आठवावा, आणि जेवायला थांबावे.