चारकोलची पूड आणि आईची फरशी

प्रिय चिऊ,



चारकोल सोडून पुन्हा पेन्सिलकडे वळू का, असं तू विचारलं आहेस. मुळीच वळू नकोस. पण म्हणून आईशी भांडूही नकोस, कारण तिचं काही चुकत नाही. दोन खोल्यांचं घर, चादरीवर उमटलेली काळी बोटं, फरशीच्या सांध्यांत जाऊन बसलेली पूड आणि त्यात आजीचा दमा. अशा घरात कोणतीही बाई बोलणारच. मला वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. तू पाठवलेले फोटो मी क्रमाने पाहिले. सुरुवातीच्या चित्रांत चांगला दाट अंधार आहे. पुढे पुढे मात्र तू कांडी पेन्सिलीसारखी टोकाने धरून जपून, बारीक रेघा मारायला लागलीस. घर घाण होईल या धास्तीने तुझा हात आखडला आहे. धास्ती घरापुरती ठेवायची आणि कागदावर मोकळं व्हायचं, हे जमण्यासारखं आहे. त्यासाठीच एवढं लिहिते आहे.

आधी ही पूड सुटते कशामुळे ते समजून घे. पेन्सिलीच्या शिसात ग्रॅफाइटबरोबर माती भाजलेली असते, जलरंगात डिंक असतो, तैलरंगात तेल. चारकोलच्या साध्या कांडीत यातलं काहीच नाही. ती हवा न लागू देता भाजलेली झाडाची काडी. तिला कागदाशी चिकटवून ठेवणारं कुणी नसतं. कागदाच्या खरबरीत अंगात पूड अडकून बसते, एवढंच. सारवलेल्या अंगणात रांगोळी धरते आणि गुळगुळीत टाइल्सवर सरकते, तसंच हे. म्हणून चकचकीत कागद आणू नकोस. जाड, दाणेदार कार्ट्रिज आण, किंवा पुण्याच्या हातकागद संस्थेचा खरबरीत कागद मिळाला तर उत्तमच. कागदाने जेवढी पूड धरली तेवढी आईच्या फरशीवर कमी पडली. आणि फडक्याच्या एका फटकाऱ्यात आख्खी सावली पुसता येते, तीही याच कारणाने. ही मुभा ना शाईत आहे ना जलरंगात. ती हवी तर पूडही आली.

कांड्यांचे दोन प्रकार ओळखायला शीक. विलोची किंवा द्राक्षवेलीची साधी कांडी हलकी, ठिसूळ आणि करड्या छटेची असते आणि जवळजवळ पूर्ण पुसली जाते. कॉम्प्रेस्ड चारकोल म्हणजे कोळशाची पूड डिंकासारख्या पदार्थात मिसळून दाबलेली वडी. ती काळीभोर उमटते, पण पुसताना डाग सोडते. कागदावर आणि कपड्यांवरही. तुझ्या चादरीवरचे डाग तिचेच असणार. पहिले काही महिने साधी कांडीच वापर. कॉम्प्रेस्ड अगदी शेवटी घे, जिथे सगळ्यात गडद काळं हवं तेवढ्याच जागी.

ही साधी कांडी करायची रीत फार जुनी आहे. इटलीच्या चेन्नीनो चेन्नीनीने १४०० सालच्या सुमारास चित्रकारांसाठी एक पुस्तक लिहिलं, त्यात ती दिली आहे. विलोच्या काड्या कापायच्या, तारेने जुड्या बांधायच्या, नव्या मडक्यात भरून हवा शिरणार नाही असं तोंड लिंपायचं, आणि रात्री भटारखान्याचं काम संपलं की मडकं भट्टीत ठेवून सकाळी काढायचं. विलोचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे वाळुंज, तो ओढ्याकाठी वाढतो. पण इथे नाशिककडे त्याहून सोपी सोय आहे. एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी झाली की बांधाबांधावर काड्यांचे ढीग पडतात. तेव्हा सुट्टीत ये. साली सोलून, वाळवून आपण काड्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरू. झाकणाला एक बारीक भोक पाडायचं आणि डबा अंगणातल्या चुलीत ठेवायचा. भोकातून आधी वाफ येते, मग धूर. धूर थांबला की डबा बाहेर काढून भोक बुजवायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. गरम असताना उघडला तर हवा शिरते आणि काड्यांची राख होते. हे काम मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय करायचं नाही.

आता घरच्या व्यवस्थेचं. इथे मी आईच्या बाजूने आहे, तेव्हा कटकट वाटली तरी वाच.

काढायला बसण्याआधी पंखा बंद. उकडेल, पण पंख्याखाली चारकोल म्हणजे पूड घरभर वाटून देणं. आजी त्याच खोलीत असेल तर तिथे बसूच नकोस. गॅलरीत बस, मधलं दार लावून घे. बोर्ड मांडीवर आडवा घेऊन काढतेस ना, ते थांबव. आडव्या बोर्डवर पूड कागदावरच साचते, मग तू फुंकतेस आणि ती उडते. बोर्ड भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला जवळजवळ उभा टेकव, म्हणजे पूड सरळ खाली घसरेल. बोर्डच्या खालच्या कडेला कागद दुमडून पन्हळ कर आणि मास्किंग टेपने चिकटव. बरीचशी पूड तिच्यात पडेल. खाली जुनी सुती चादर पाण्यात भिजवून, घट्ट पिळून अंथर. ओलसर कापडावर पडलेली पूड परत उठत नाही. वर्तमानपत्रावरची मात्र घडी घालताना सगळी हवेत जाते.

फुंकर कधीच मारू नकोस. पूड नाकात जाते, आणि थुंकीचा बारीक थेंब कागदावर पडला तर तिथला डाग निघत नाही. चेन्नीनी यासाठी पिसाने झटकायला सांगतो. पीस नसलं तर मऊ रुंद ब्रश घे, किंवा बोर्ड मागून हलक्या हाताने टिचक.

पन्हळीतली पूड फेकायची नाही. झाकणाच्या बाटलीत भरून ठेव. मोठ्या भागावर मऊ करडी छटा द्यायची तर हीच पूड सुक्या ब्रशने किंवा मलमलीच्या बोळ्याने लावतात. मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांच्या कारखान्यांत खाका वापरायचे. चित्राच्या रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद नव्या जागेवर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. खाली ठिपक्यांनी चित्र उमटतं. युरोपातले भित्तिचित्रकारही भिंतीवर चित्र उतरवायला हेच करत. घरात जिला कचरा म्हणतात, त्या पुडीवर शेकडो वर्षं कारखाने चालले आहेत.

एवढी व्यवस्था झाली की घाबरायचं काम संपलं. आता कांडी आडवी धर आणि आख्खा कागद काळा कर. हो, आख्खा. मग मलमलीच्या फडक्याने फिरवून फिरवून तो करडा कर. आता तुझ्यासमोर पांढरा कागद नाही, मधली छटा आहे. काळं वाढवायला कांडी आणि उजेड काढायला इरेजर. पेन्सिलीची सवय असलेल्या मुलींना हे उलटं वाटतं, पण चारकोलची खरी मजा यातच आहे. नाकाच्या शेंड्यावरचा उजेड, पितळी तांब्यावरची चमक, हे काढायचं नसतं, अंधारातून उचलून घ्यायचं असतं. त्यासाठी मळता येणारं इरेजर आण. दुकानात नीडेबल म्हणून मिळतं. घासायचं नाही, चिमटीत टोक करून नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. रबर येण्याआधी युरोपातले चित्रकार पावाचा मऊ गर वापरायचे. तोही चालतो, मात्र लोणी लागलेला नको आणि काम झाल्यावर चुरा लगेच उचल, नाहीतर मुंग्या.

छटा पसरायला बोट शक्यतो वापरू नकोस. कातडीचं तेल कागदाला लागलं की तिथे पुढचा चारकोल नीट बसत नाही. फडकं किंवा कागदाची घट्ट सुरळी घे. हे नियम म्हणून सांगितलं, पण फ्रान्समधल्या शोव्हे गुहेत, जिचा शोध १९९४ साली लागला, तीस हजार वर्षांहून जुने घोडे आणि सिंह कोळशाने काढलेले आहेत. त्यांच्या अंगावरची सावली त्या माणसांनी भिंतीवर कोळसा हातानेच पसरून दिली आहे. तेव्हा कधी बोट लागलंच तर रडू नकोस.

आणि पुसल्यावर जो धुरकट डाग उरतो, त्याचा तुला फार राग येतो असं लिहिलं आहेस. जोहान्सबर्गच्या विल्यम केंट्रिजची फिल्म मिळवून बघ. १९८९ पासून तो चारकोलच्या चित्रांच्या फिल्म करतो. एकाच कागदावर काढतो, कॅमेऱ्याने टिपतो, थोडं पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा टिपतो. माणूस चालत जातो आणि त्याच्या मागे पुसलेल्या पावलांचा धूसर माग कागदावर राहतो. तो माग स्वच्छ केला असता तर त्या फिल्ममधला जीव गेला असता. कागद स्वच्छ ठेवण्याची तुझी धडपड आता पुरे. स्वच्छता फरशीवर दाखव.

आवरताना केरसुणी हातात घेऊ नकोस, पूड उडते. फरशीवर ओलं फडकं ठेवून एकाच दिशेने ओढ, घडी पालट, पुन्हा ओढ. कपड्यांचं उलट आहे: आधी पाणी लावायचं नाही. कपडा बाहेर नेऊन झटक, उरलेली पूड चिकटपट्टीने उचल, मग साबण. आधीच ओलं करून चोळलंस तर पूड धाग्यात खोल जाते. हात मात्र धुऊनच दाराला, फ्रिजला आणि फोनला लावायचे. हे सगळं आईने सांगण्याआधी तू केलंस, तर गॅलरी तुझी झाली असं समज.

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि चारकोल ठिगळांसारखा बसतो. त्या दिवसांत कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेव.

चित्र झालं की फिक्सेटिव्ह. हा स्प्रे घरात अजिबात मारायचा नाही, गॅलरीतही नाही, गच्चीवर जा. पुडीपेक्षा त्याची वाफ वाईट, आणि तो पेट घेतो, म्हणून गॅस किंवा देवापुढचा दिवा जवळ नको. आधी चित्र टिचकून सैल पूड पाडून घे. मग फूटभर अंतरावरून हलका हात फिरव, वाळू दे, पुन्हा एकदा. एकदम भिजवलंस तर चित्र काळवंडतं. पैसे वाचवायला हेअर स्प्रे मारू नकोस, त्याने कागद पुढे पिवळा पडतो. फिक्सेटिव्हनंतरही चित्र घासलं तर पुसटतंच, म्हणून दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालून आडवी ठेव. कधी फ्रेम केलीस तर माउंट लावून काच कागदापासून दूर राहील असं बघ. काचच घे, ॲक्रिलिकच्या पत्र्यावर स्थिर वीज साठते आणि तो पूड ओढून घेतो.

आता एक काम. फोनवर फोटो पाठवू नकोस, त्यात काळ्याच्या छटा कळत नाहीत. अर्ध्या इंपिरियल कागदावर घरातली एखादी साधी वस्तू काढ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कागद काळा करून. वर बटर पेपर, दोन्हीकडून कागदाहून मोठे जाड पुठ्ठे, कडा टेपने बंद, आणि पोस्टाने पाठव. गुंडाळी करू नकोस, चारकोल झडतो. छाटणीच्या आधी माझ्या हाती पडलं पाहिजे.

तुझी,
आत्या